कॅनवरची बारीक अक्षरे

मुलांनो, गेल्या रविवारी खाऊच्या सुट्टीत तुमच्यापैकी एकाने डाएट कोकच्या कॅनवरची बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, "बाई, फिनाइलकिटोन्युरिक्स म्हणजे कोण?" आम्हां दोघींनाही नीट सांगता आले नाही. मग घरी जाऊन पुस्तके काढली.

आपल्या शरीरातली प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा. मण्यांचे मुख्य प्रकार फक्त २०. माळ आखूड असली, की तिला पेप्टाइड म्हणतात. आखूड म्हणून कमी कामाची मात्र नव्हे. बाळंतपणात आईच्या कळांना जोर देणारे आणि पुढे बाळाला पाजताना दूध उतरवणारे ऑक्सिटोसिन ९ मण्यांचे आहे.

कॅनमधल्या अ‍ॅस्पार्टेममध्ये तर दोनच मणी: अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि फिनाइलअ‍ॅलॅनिन. सुटे चाखले तर एक आंबट, दुसरा कडवट. जोडून शेवटी एक छोटेसे शेपूट लावले, की साखरेच्या सुमारे २०० पट गोड! १९६५ साली अमेरिकेत जेम्स श्लॅटर अल्सरवरच्या औषधाच्या संशोधनासाठी पेप्टाइडे तयार करीत होते. कागद उचलायला त्यांनी बोट जिभेला लावले, तर बोट गोड लागले. (तुम्ही प्रयोगशाळेत असले काही करू नका!)

आता तो अवघड शब्द. काही बाळांना जन्मतःच फिनाइलअ‍ॅलॅनिन पचवून संपवता येत नाही. ते रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. म्हणून इथे जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात. ही तपासणी रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. पहिल्या दिवसांतच कळले आणि पथ्य पाळले, तर मूल चांगले वाढते. पण पथ्य कडक असते! वरण, दही, पनीर, अंडी, सगळे वर्ज्य किंवा अगदी मोजून.

पेलाभर दुधात या कॅनपेक्षा कितीतरी जास्त फिनाइलअ‍ॅलॅनिन असते. मग दुधावर सूचना का नाही? दुधात प्रथिने असतात हे आईवडिलांना ठाऊकच असते. सोड्यात असे काही असेल, हे कुणाच्या मनातही येणार नाही.

पालकांनो, वाढदिवसाला आलेले एखादे मूल "मला हे चालत नाही" म्हणाले, तर आपल्या सवयीने "थोडं तरी खा" असा आग्रह नको.

पुढच्या रविवारी येताना घरातल्या च्युइंगगमच्या पाकिटावर ती ओळ आहे का, ते पाहून या. आणि "फिनाइलअ‍ॅलॅनिन" न अडखळता म्हणून दाखवा. आम्हांला अजून जमत नाही.