लेकीच्या वाट्याचं

अगं, परवा तू ताठ मानेने म्हणालीस, "ताई, मला त्याचा एक पैसाही नको." तुझा बाणा मला कळतो. स्वतःसाठी नको असेल तर नको घेऊस. पण लेकीच्या वाट्याचं नाकारणं तुझ्या हातात नाही, हे मी तुला जीव तोडून सांगते. तुझी पोटगी वेगळी, तिची वेगळी. संमतीच्या घटस्फोटाच्या कागदावर "पुढे मुलीसाठी काही मागणार नाही" असं कोणी लिहून आणलं, तर सही करू नकोस. आईने सोडलं म्हणून लेकराचा हक्क सुटत नाही. आणि तुला पगार आहे म्हणून तिचा बाप मोकळा झाला, असंही नाही. तुझा वाटा तू उचलशीलच, त्याचा त्याने उचलायचा.

घटस्फोट होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. नुसते वेगळे राहत असलात आणि बाप मुलीचा खर्च देत नसला, तरी अर्ज करता येतो. सगळे ज्याला अजून 'एकशेपंचवीस' म्हणतात ते पोटगीचं कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं आहे. तो पुण्याला निघून गेला म्हणून तुला तिकडे खेटे घालायला नकोत. तू राहतेस तिथेच अर्ज करता येतो, म्हणजे आपल्या कोलकात्याच्या बालीगंजकरणींना अलीपूरचं कोर्ट. हुकूम झाला की तो जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून त्याची वसुली होते. वकिलाच्या फीचं म्हणशील, तर बाईला, तिची कमाई कितीही असली तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 15100 ला फोन करून विचार.

आता खरा प्रश्न, किती मागायचं? इथे बायका फसतात. घाईघाईत फी आणि दुधाचा हिशेब सांगतात, बाकीचं विसरतात. एक वही घे आणि वर्षभराचं लिही. एप्रिलमध्ये शाळा एकरकमी घेते ते, बस, शिकवणी, दात-डोळे, लशी. दुर्गापूजेचे कपडे, कारण पाड्यातली सगळी मुलं नवं घालून मांडवात जातात तेव्हा आपली पोर जुन्या फ्रॉकमध्ये का उभी राहील? मे महिन्यात आजीकडे जायचं गीतांजलीचं नाहीतर आझाद हिंदचं तिकीट. तू कामावर असताना तिला सांभाळणाऱ्या मावशींचा पगार. घरभाड्यातला तिचा हिस्सासुद्धा. बेरजेला बाराने भाग.

तो पगार लपवील, ही तुझी भीती खरी आहे. पण 4 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात सांगून ठेवलंय की दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्जं प्रतिज्ञापत्रावर मांडायची. खटला आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून गेलेला. तिथे मुलाला आधी महिना 5,000 रुपये आणि सप्टेंबर 2015 पासून 10,000 ठरले होते. मूल वाढतं तसा खर्चही वाढतो. त्याच निकालात आणखी एक सांगितलं: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणून म्हणते, "पूजा झाल्यावर बघू" करू नकोस. इथे कोणी तुला सांगेल, "पगाराचे पंचवीस टक्के मिळतातच." तो आकडा बंगालमधल्याच एका खटल्याच्या 2017 च्या निकालातला आहे, तोही पत्नीच्या पोटगीसंदर्भातला. त्याला पक्का दर समजू नकोस.

सध्या तो गोड बोलतोय ना? मग आत्ताच लिहून घे. स्टँपपेपरवर दोघांनी सह्या करून ठेवणं पुरेसं नाही; समझोता कोर्टात नोंदवून त्यावर हुकूम घे, म्हणजे थकलं तर वसुली करता येते. महिन्याची तारीख, बँकेतूनच पैसे, दरवर्षीची वाढ, दवाखान्याचा मोठा खर्च कोण किती देणार, हे सगळं त्यात हवं. कॉलेजचंही घाल, कारण 144 खाली अठरा वर्षांपर्यंतच मिळतं. त्यापुढे अविवाहित मुलीसाठी 1956 चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा आहे, पण तेव्हा पुन्हा भांडायला का जायचं?

आणि हप्ता चुकला तर "देईल बिचारा" म्हणत बसू नकोस. थकलेल्या रकमेसाठी वॉरंटचा अर्ज, ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ते वर्ष उलटलं की हा रस्ता त्या हप्त्यापुरता बंद.

फक्त एक कर माझ्यासाठी. पैसे आले नाहीत म्हणून त्याला पोरीला भेटू देणं थांबवू नकोस, आणि तो भेटायला येत नाही म्हणून पैसे सोडू नकोस. तिला बापही हवाय आणि फीही. दोन्हीसाठी वेगवेगळं भांड, तिच्यासमोर मात्र भांडू नकोस.

शनिवारी संध्याकाळी ये. फीच्या पावत्या, तुझ्या पगाराच्या पावत्या, त्याच्या जुन्या बँक ट्रान्सफरचे स्क्रीनशॉट आण. वही आपण दोघी मिळून भरू, सोमवारी मी तुझ्याबरोबर अलीपूरला येते.