पाण्यातले शिसे आणि चिपाडांचा कोळसा

कृष्णाकाठच्या एका गावात संध्याकाळचा वर्ग भरला आहे, असे समजा. पाटी खाली ठेवून तात्या म्हणाले, "गुरुजी, आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आम्ही उकळून पितो. मग भ्यायचं काय कारण?"

गुरुजींनी विचारले, "विहिरीजवळ काय आहे, तात्या?"

"काय न्हाई. मागं एकजण तिथं जुन्या बॅटऱ्या फोडायचा. आता ते बंद झालंय."

गुरुजी गंभीर झाले. म्हणाले, "मग नुसतं उकळून भागायचं नाही."

मंडळी, असे का, ते आपण नीट समजून घेऊ.

पाणी उकळले की जंतू मरतात. म्हणून उकळणे चांगलेच. पण बॅटरीतले शिसे उकळून मरत नाही. ते मुळात जिवंतच नाही. मिठाचे पाणी चुलीवर आटवून पाहा. पाणी कमी होते, मीठ तेवढेच राहते. उरलेले पाणी जास्तच खारट लागते. शिशाचेही तसेच. तुरटीने गाळ खाली बसतो, औषधाने जंतू मरतात. पण पाण्यात विरघळलेल्या शिशाला त्यांचा भरवसा नाही.

शिसे, पारा, कॅडमियम यांना जड धातू म्हणतात. जुन्या बॅटऱ्या, काही रंग, काही कारखान्यांचे सांडपाणी यांतून ते पाण्यात उतरतात. पाणी नितळ दिसते. चवही बदलत नाही. पण शिसे अंगात साठत जाते. लहान मुलांच्या बुद्धीची वाढ त्याने खुंटते. पोरगे अभ्यासात मागे पडले की आपण त्याला बोल लावतो. दोष कधी कधी पाण्याचाही असतो.

किती शिसे चालते? आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे १ लाख लिटर पिण्याच्या पाण्यात १ ग्रॅमपेक्षा जास्त शिसे नसावे. १ लाख लिटर म्हणजे १० हजार लिटरचे १० टँकर! एवढ्या पाण्यात चिमूटभर शिसेही जास्त होते.

तात्यांनी विचारले, "मग एवढं बारीक शिसं पाण्यातनं काढायचं कसं?"

गुरुजी म्हणाले, "कोळशानं."

सगळे हसले. पण गुरुजी खरेच बोलत होते. सातारा-सांगलीकडे ऊस भरपूर. उसाचा रस काढला की चिपाडे उरतात. चिपाडे किंवा नारळाच्या करवंट्या हवा न लागू देता तापवल्या, की त्यांचा कोळसा होतो. हाच कोळसा वाफ सोडून ८०० अंशांहून जास्त तापवला, की त्यात अगणित बारीक छिद्रे पडतात. छिद्रांच्या आतल्या भिंती उलगडून अंथरता आल्या, तर १ ग्रॅम कोळशाची जागा साधारण १० गुंठे भरेल! एवढ्या मोठ्या जागेवर पुष्कळ घाण चिकटून राहते. चिपाडांच्या कोळशाने पाण्यातले धातू धरता येतात, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे.

धातू त्याला का चिकटतो? केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो विजेचा गुण आहे. पाण्यात विरघळलेल्या शिशाच्या कणांवर एका जातीची वीज असते. कोळशावर योग्य प्रक्रिया केली, की त्याच्यावर उलट जातीची वीज येते. मग दोघे एकमेकांना ओढतात. शिसे कोळशाला चिकटते आणि पाणी पुढे जाते.

आता शास्त्रज्ञांनी कोळशाची आणखी बारीक भावंडे शोधली आहेत. तुमच्या हातातल्या शिसपेन्सिलीत शिसे नसते बरे का! त्यात ग्रॅफाइट असते, आणि ग्रॅफाइट म्हणजे कोळशासारखाच कार्बन. २००४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी चिकटपट्टी लावून ग्रॅफाइटचा अगदी पातळ पापुद्रा सोलून काढला. तो फक्त एका अणूइतका जाड होता. त्याला ग्राफीन म्हणतात. या कामासाठी गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिशेबाने १ ग्रॅम ग्राफीनची जागा २६ गुंठे होते. कार्बनच्या अशाच सूक्ष्म नळ्याही असतात. १९९१ साली जपानच्या इजिमा यांनी त्यांची ओळख जगाला करून दिली. यांचे माप नॅनोमीटरमध्ये सांगतात. १ मिलिमीटरचे १० लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर.

हे पदार्थ धातू चांगले धरतात. पण ते महाग आहेत. शिवाय त्यांची भुकटी पाण्यात राहता कामा नये. ती जाळीत किंवा मण्यांत पक्की बसवावी लागते. त्यावर अजून संशोधन चालू आहे.

"मग चुलीतला कोळसा मडक्यात टाकला तर?" तात्यांनी विचारले.

"नको. त्यानं वास जाईल, रंग जाईल. पण शिसं गेलं की न्हाई, हे डोळ्यांना कसं कळणार?" गुरुजी म्हणाले.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक: शंका आली की पाणी आधी तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगा. शिशाची तपासणी प्रयोगशाळेतच करा असे बजावा. तोवर ते पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाकही करू नका.

दोन: गाळणयंत्र घेताना ते शिसे काढते का, हे विचारा. सगळी यंत्रे काढत नाहीत.

तीन: कोळशाची जागा भरली, की तो धातू धरत नाही. पोते भरल्यावर वर धान्य ओतले तर ते सांडतेच. म्हणून कोळसा वेळेवर बदला. वापरलेला कोळसा शेतात टाकू नका, चुलीत घालू नका. त्यात विष साठलेले असते.

तात्या उठले. "गुरुजी, माझी नात रोज त्याच विहिरीचं पाणी पिती. उद्या न्हाई, आत्ताच जातो ग्रामपंचायतीत," ते म्हणाले.

दाराशी थांबून त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिले: 'विहीर बंद. पाणी तपासायचे आहे.' मग तेच शब्द त्यांनी एका पाटीवर उतरवून घेतले. ती पाटी विहिरीवर लावायची होती.

प्रश्न

१. पाणी उकळल्याने शिसे का जात नाही?
२. कोळसा शिशाला कसा धरून ठेवतो?
३. तुमच्या पाण्याच्या जागेजवळ बॅटऱ्या, रंग किंवा सांडपाणी आहे का? पाहून या आणि वहीत लिहा.