परदेशी पगारातून हवा आणि माणसं वजा करून पाहा

झाशीतल्या मराठी घरात दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीच्या नोकरीचं पत्र आलं की त्याच रात्री परकी चलनातला पगार रुपयांत मांडला जातो, घरभाडं वजा होतं आणि उरलेल्या आकड्यावर होकार ठरतो. या हिशेबात श्वासाला मिळणारी हवा आणि सोबतीची माणसं हमखास सुटतात. दोन्ही रुपयांत मांडता येतात, आणि होकार कळवण्याआधीच मांडायला हवीत.

आधी हवा. २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात झाशी आहे, म्हणजे इथली हवा ठरवलेल्या मर्यादेत नव्हती. २०२४च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख वस्तीच्या शहरांत झाशी तिसरी आली, याचा आनंद आहेच. पण तो क्रमांक मुख्यतः रस्त्यांची धूळ, कचरा जाळणं, वाहनांचा धूर यांवर शहराने केलेल्या कामाचा असतो. गिट्टीचे क्रशर आणि पारीछाचं औष्णिक वीज केंद्र शहराजवळच आहेत. तेव्हा बिरुदं बाजूला ठेवून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप उघडा आणि झाशीचे हिवाळ्यातले आकडे पाहा. ते फुकट आहे.

दोन देशांचे एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचे निर्देशांक, मात्र शेजारी ठेवू नका. हवेत पीएम २.५ चे कण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय मोजणीत एक्यूआय १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकी मोजणीत तीच हवा १५० च्या वर जाते, थेट लाल रंगात. म्हणून तुलना मायक्रोग्रॅमची करा, तीही वर्षाच्या सरासरीची. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५, भारताची ४०. लंडनची सरासरी १०च्या आसपास असते. दुबईत वाळवंटाची धूळ आहे, तिथला आकडा या ५ च्या कितीतरी पट असतो. परदेश म्हणजे स्वच्छ हवा हे गृहीत धरून दम्याच्या मुलाला आखातात नेऊ नका. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी असते. मुलांचं खेळणं त्या महिन्यांत कुठे होणार, तेही विचारून ठेवा.

हवा खराब असेल तिथे एका खोलीच्या एअर प्युरिफायरला साधारण १० ते २० हजार रुपये धरा, शिवाय दरवर्षी फिल्टर. विम्यात जुना दमा पहिल्या दिवसापासून धरला जातो का, हे लेखी मागा. ब्रिटनमध्ये हवा बरी, पण व्हिसासोबत आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो: प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. नवरा-बायको आणि एक मूल, तीन वर्षं: ८,५३८ पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर पावणेदहा लाखांच्या वर. आरोग्य सेवेच्या व्हिसावर जाणाऱ्या नर्स-डॉक्टरांना तो माफ आहे. बाकीच्यांनी कंपनी तो भरते का, हे पहिल्याच बोलण्यात विचारावं.

आता माणसं. सगळ्यात महाग चूक इथेच होते असं माझं ठाम मत आहे. आधी पाहा, जोडीदाराला तिथे नोकरी करता येते का. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर येते. अमेरिकेत एच-१बी असलेल्याच्या जोडीदाराला ग्रीन कार्डची वाट बरीच चालल्याशिवाय सहसा येत नाही. झाशीत महिना ३० हजारांवर शिकवणारी बायको तिथे घरी बसली, तर वर्षाला ३ लाख ६० हजार आधी वजा करा. तिच्या एकटेपणाचा हिशेब तिच्याशीच बसून करा, तिच्या वतीने नव्हे.

१७४२मध्ये नारोशंकर मराठ्यांचे सुभेदार होऊन झाशीला आले, त्यांच्या मागून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं परक्या मुलखात टिकली ती एकमेकांच्या आधाराने. गंगाधरराव-लक्ष्मीबाईंचं लग्न १८४२मध्ये जिथे लागलं, ते गणेश मंदिर आजही या घरांना बांधून ठेवतं. तिकडे असा आधार शोधावा लागतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं. पण मंडळ आहे एवढ्याने भागत नाही. तुमच्या घरापासून ते किती लांब, जायला गाडीच लागते का, ते नकाशावर पाहा. मंडळाला आधीच पत्र लिहा आणि तुमच्या उपनगरातल्या एखाद्या कुटुंबाशी व्हिडिओवर बोला.

गावी येण्याचा खर्च झाशीकरांना जास्तच पडतो. परदेशातून इथे थेट विमान नाही. दिल्लीला उतरून सुमारे ४०० किलोमीटर रेल्वे. जाऊन-येऊन विमान माणशी ६० हजार धरलं तरी तिघांचे १ लाख ८० हजार, वर्षातून एकदा. अचानक यावं लागलं तर तिकीट आणखी महाग, म्हणून एका तातडीच्या फेरीचे पैसे हात न लावता ठेवा. आखातातल्या बऱ्याच कंपन्या वर्षाचं परतीचं तिकीट देतात. ते करारात लिहून घ्या, कुटुंबासकट.

आणि मागे राहणारे आईवडील. दवाखान्यात कोण नेणार, रात्री फोन कोणाला करायचा, दिवसभराच्या मदतनीस बाईचा पगार किती, हे निघण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून ठरवा आणि तो आकडाही याच कागदावर लिहा.