कुलूप बिघडलं तर किल्लीचा काय उपयोग?

मित्रांनो, कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात फीडबॅक लूप आपण सगळेच काढतो. मला तो खरा कळला माझ्या मावसबहिणीच्या बाळामुळे.

ताईचं लग्न आमच्या मामाच्याच मुलाशी झालं. पहिलं बाळ जन्मतःच अगदी किरकोळ, अंगावर चरबी नाही. उपाशीपोटी साखर एकदम खाली, दूध पाजलं की वर. रक्तात इन्सुलिन मात्र प्रचंड! निदान झालं डोनोह्यू सिंड्रोम. पाचव्या महिन्यात बाळ गेलं.

इन्सुलिन ही किल्ली समजा आणि पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप. ते बनवण्याची माहिती १९व्या क्रोमोसोमवरच्या 'आयएनएसआर' या जनुकात असते. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की कुलूप नीट उघडत नाही. स्वादुपिंडाला वाटतं आउटपुट कमी पडतंय, म्हणून ते आणखी इन्सुलिन ओततं. रिसेप्टर थोडाफार चालत असेल तर आजार जरा सौम्य असतो. त्याला राबसन-मेंडेनहॉल सिंड्रोम म्हणतात.

ताईला पुन्हा दिवस गेले तेव्हा घरात सगळे म्हणाले, "एकदा झालं, आता नाही व्हायचं." पण एम-थ्री आठवा! आईवडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्केच. नाण्याला मागचा टॉस आठवत नसतो.

सुदैवाने पहिल्या बाळाचा डीएनए जपून ठेवला होता. त्यातून घरातला नेमका बिघाड आधीच सापडला होता. तो माहीत नसेल तर पोटातल्या बाळात नक्की काय शोधायचं? साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेतात, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो. १९९४च्या कायद्याने आनुवंशिक आजारासाठी अशी तपासणी करता येते, पण लिंग सांगणं गुन्हा आहे.

"रिपोर्ट वाईट आला तर?" ताईने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "माहिती आम्ही देऊ. निर्णय तुम्हा दोघांचा."

रिपोर्ट आला : एक प्रत बिघडलेली, एक चांगली.

"म्हणजे माझ्यासारखंच ना?" ताई एवढंच म्हणाली आणि रडली.

म्हणून सांगतो, नात्यात लग्न असेल किंवा घरात एखादं बाळ असं गेलं असेल, तर जेनेटिक समुपदेशकाला दिवस राहण्याआधीच भेटा. नवस नंतरही फेडता येतो.