काचेवर रंग, बाटलीवर नाव

मंडळी, आपल्या घरात रिकाम्या बाटल्या किती असतात? लोणच्याची बरणी, जॅमची बाटली, अत्तराची कुपी. आपण त्या भंगारवाल्याला देतो. चार पैसे हाती येतात. पण तीच बाटली रंगवून दारात टांगली, तर दिवाळीला घराची शोभा वाढते. नाताळात ख्रिस्ती कुटुंबे घरात झाड सजवतात. त्यावर काचेचे रंगीत गोळे टांगतात. तेही असेच रंगवता येतात.

आज आपण काच रंगवायला शिकू. शिकताना एक गोष्टही ऐकू. ती माझ्याच चुकीची आहे.

काचेचे गोळे कुठून आले?

जर्मनी देशात लाउशा नावाचे डोंगरातले गाव आहे. तिथे काच फुंकणारे कारागीर राहतात. नाताळच्या झाडाला फळे आणि अक्रोड टांगायची तिकडे रीत होती. एका गरीब कारागिराला ती परवडेनात. म्हणून त्याने काचेची फळे फुंकली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे हे गोळे होऊ लागले, हे मात्र खरे.

हे काम घरोघर चाले. बाप काच फुंकी. आई गोळ्याला आतून चांदीचे पाणी देई आणि वरून रंगवी. पोरे टोपणे बसवीत. १८८० नंतर वूलवर्थ नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने हे गोळे आपल्या दुकानांत विकले. डोंगरातल्या घरचा माल असा समुद्रापार गेला.

आपल्याकडेही काचेचे काम जुने आहे. लोकांकडून एक एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला. त्या पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

हा रंग कसा असतो?

साधा पाण्याचा रंग काचेवर ठरत नाही. ओघळून जातो. काचेला स्पिरिटचा रंग लागतो.

तुम्ही सुताराला पॉलिश करताना पाहिले असेल. तो चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो. ते पाणी लाकडावर फिरवतो. स्पिरिट हवेत उडून जाते. लाख लाकडावर राहते आणि चकाकते. हा रंगही तसाच. स्पिरिटमध्ये रंग विरघळलेला असतो. स्पिरिट उडते, रंग काचेवर राहतो. शहरात चित्रकलेच्या दुकानात तो 'अल्कोहोल इंक' या नावाने लहान बाटल्यांत मिळतो.

काम कसे करावे?

१. बाटली साबणाने धुवा. पूर्ण वाळू द्या. मग कापसाला थोडे स्पिरिट लावून पुसा. बोटाचा तेलकट डाग राहिला, तर तिथे रंग धरत नाही.

२. ओसरीवर किंवा अंगणात, उजेडी बसा. खाली जुने वर्तमानपत्र पसरा. हातात रबरी मोजे घाला. हा रंग बोटाला लागला, तर लवकर निघत नाही.

३. बाटली आडवी धरा. रंगाचे दोन-तीन थेंब टाका. बाटली हळूहळू फिरवा. रंग आपोआप पसरतो. त्याला ढगासारखा आकार येतो.

४. ओल्या रंगावर साध्या स्पिरिटचा एक थेंब सोडा. रंग बाजूला सरतो आणि मध्ये फिकट चकती उमटते. फुलासारखी दिसते.

५. एका वेळी दोन किंवा तीनच रंग घ्या. निळा आणि हिरवा, पिवळा आणि लाल, या जोड्या चांगल्या दिसतात. लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळले, तर चिखलासारखा रंग होतो.

६. रंग थोड्याच वेळात हाताला कोरडा लागतो. तरी एक दिवस हलवू नका. मग गळ्याला तार बांधून टांगा.

पोकळ काचेचा गोळा मिळाला, तर त्याचे टोपण काढा. रंग आत टाका आणि गोळा फिरवा. मग तोंड खाली करून ठेवा. जादा रंग निथळेल. आतला रंग वाळायला वेळ लागतो. घाई करू नका.

रंगावर सुताराचे पॉलिश लावू नका. त्यातले स्पिरिट खालचा रंग पुन्हा विरघळवते. रंगवलेली वस्तू कडक उन्हात ठेवू नका. रंग विटतो. तिच्यात खायचे-प्यायचे काही भरू नका. आत पणतीही ठेवू नका. विजेच्या बारीक दिव्यांची माळ सोडा.

माझी चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पाथरीत दिवाळीच्या आधी मी साक्षरता वर्गातल्या बायांना हे काम दाखवत होतो. स्पिरिटचा मोठा डबा होता. तो उचलायला जड. म्हणून मी थोडे स्पिरिट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतले. बाटली कट्ट्यावर ठेवली. बाटलीवर काही लिहिले नाही.

ऊन फार होते. एका बाईचा मुलगा खेळून आला. तहानलेला होता. त्याने ती बाटली तोंडाला लावली. घोट तोंडात जाताच जीभ भाजली. त्याने तो थुंकला आणि रडू लागला. आम्ही त्याचे तोंड धुतले. त्याला आणि स्पिरिटचा डबा घेऊन दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी डब्यावरचे नाव वाचले. मुलाला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. मुलगा बरा झाला. माझ्या डोळ्याला मात्र डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, आम्हाला वाचायला शिकवलं. पण बाटलीवर वाचायला काही लिहिलंच नव्हतं की!"

मी काय बोलणार? चाळीस वर्षे शाळेत शिकवले, आणि हे सुचले नाही. आजींनीच कागद घेतला. वाकड्या अक्षरांत लिहिले: "विष. पिऊ नये. आगीपासून दूर." तो कागद खळीने बाटलीवर चिकटवला. आजींनी कामासाठी लिहिलेले ते पहिले वाक्य. त्याहून सुंदर अक्षर मी पाहिले नाही.

हे नीट समजून घ्या

सुताराचे स्पिरिट कोणी पिऊ नये, म्हणून त्यात विषारी पदार्थ मुद्दाम मिसळतात. मिथेनॉल नावाचे स्पिरिट तर फारच वाईट. दिसायला पाण्यासारखे. पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली.

स्पिरिट पेटतेही लवकर. त्याची वाफ डोळ्याला दिसत नाही. ती जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत जाते. म्हणून जवळ चूल, बिडी, उदबत्ती, कंदील काही नको. रात्री दिव्याच्या ज्योतीजवळ हे काम करू नका. खोली बंद ठेवू नका. ओले पोते जवळ ठेवा. थोडे पेटले, तर पोते टाकून विझवा.

कोणी भाजले, तर भाजलेल्या जागी बराच वेळ साधे थंड पाणी सोडा. कोणी स्पिरिट प्यायले, तर बळेच उलटी करवू नका. १०८ क्रमांकावर फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.

हिशेब मांडा

विकायचे असेल, तर आधी हिशेब लिहा. समजा, रंग आणि स्पिरिट ३०० रुपयांचे आणले. त्यात ३० बाटल्या झाल्या. एका बाटलीला १० रुपये पडले. तार आणि दोरा ५ रुपये. एकूण १५ रुपये. बाटली ४० रुपयांना विकली, तर २५ रुपये उरले. पण त्यातच तुमची मेहनत, मोजे आणि बाजाराला जायचे भाडे आहे. फुटलेली बाटलीही हिशेबात धरा. पहिल्यांदा पाचच बाटल्या करा. खपल्या, तर पुढच्या करा.

लक्षात ठेवा

बाटली घरात आणली की आधी तिच्यावरचे वाचा. एका बाटलीतले दुसरीत ओतले की आधी तिच्यावर नाव लिहा. पाण्याच्या बाटलीत तर स्पिरिट कधीच ओतू नका. काचेवरचा रंग दिवाळीपुरता. बाटलीवरचे नाव जीव वाचवते.

उत्तरे लिहा

१. स्पिरिटचा रंग काचेवर कसा राहतो?
२. स्पिरिटचे काम चुलीजवळ का करू नये?
३. गुरुजींची चूक कोणती?
४. आजींनी बाटलीवर काय लिहिले?
५. आज घरी जाऊन पाहा. रॉकेल, फवारणीचे औषध, फिनेल यांच्या बाटल्यांवर नाव आहे का? नसेल तर कागदावर लिहा आणि चिकटवा. बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा.