बसलेली जीप उठवताना

ज्यांच्या अंगणात जुनी जीप उभी आहे आणि पावसाळा सरला की तिला घरच्या घरी ‘लिफ्ट’ मारायचा ज्यांचा बेत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी ते केलं. त्यात ज्या चुका झाल्या त्यांतल्या दोन माणसाच्या जिवावर बेतल्या असत्या. त्या माझ्याकडून झाल्या, तुमच्याकडून होऊ नयेत.

आमची जीप सीजे-3बी, 1968 सालची. मूळ विलीजच्या परवान्यावर महिंद्रने बनवलेली, उंच बॉनेटची. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गुरांचे डॉक्टर होते. हिर्डस मावळातल्या वाड्यावस्त्यांवर अडलेल्या गाईम्हशींपाशी ते हिच्यातून पोचायचे, बहुतेक वेळा एकटेच. चाळीस वर्षं एकच माणूस उजवीकडे बसला की उजवीकडचे पाटे दमणारच. मागून पाहिलं की जीप एका खांद्याने वाकलेली दिसायची. खड्ड्यात आदळली की कळ थेट कमरेत जायची. शाळेतून निवृत्त झालो आणि ठरवलं, आता हिचं काम आपल्या हाताने करायचं.

पहिली चूक पाना हातात घेण्याआधीच झाली. जीप बसली आहे का आणि कशाने बसली आहे, हे मी पाहिलंच नाही. चारही बाजूंनी साधी मोजपट्टीसुद्धा लावली नाही. दोन इंच जास्त लांबीचे शॅकल आणि त्यांना साजेसे लांब शॉकअप एका दुकानातून विकत आणले. विकणाऱ्याने सांगितलं, तासाभराचं काम आहे, आणि मला तेच ऐकायचं होतं.

काम सुरू केलं मागच्या उजव्या बाजूने. हँडब्रेक करकचून ओढला, जॅक लावला, चाक उचललं. मदतीला पुतण्या होता. तो पाट्याखाली हात घालून यू-बोल्ट चाचपून नुकताच मागे सरकला, आणि जीप हलली. हळूच, वीतभर पुढे सरकली, जॅक आडवा झाला आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत खाली बसली. हँडब्रेक तर पूर्ण ओढलेला होता! उत्तर मला नंतर मिळालं. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, प्रोपेलर शाफ्टला धरतो. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शिअलमुळे ते उलटं मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक पुढे घरंगळू शकतं. शाफ्ट घट्ट धरलेला असूनही गाडी चालते. जुन्या जीपच्या प्रत्येक मालकाला हे पाठ असायला हवं. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढूनमागून दगडाची किंवा लाकडाची उटी लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. जॅक फक्त उचलायला. उचललं की चेसिसखाली स्टँड हवाच. खाली मुरूम असेल तर स्टँडच्या पायांखाली जाड फळी घाला, आणि काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा. पुतण्याचा हात त्या दिवशी वाचला, तो केवळ योग होता.

इतकं होऊनही मी थांबलो नाही. पुढचे शॅकल सोडायला घेतले. या जीपचे जुने शॅकल इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे, दोन्ही पायांना आटे असलेले असतात आणि ते आट्यांच्याच बुशात फिरतात. त्यांतले काही उलट्या आट्यांचे असतात. मला ठाऊक नव्हतं. पाना अडला की मी पाइप लावून जोर वाढवत गेलो, म्हणजे सोडण्याऐवजी आवळत गेलो. शेवटी एका शॅकलचा पाय मोडून बुशातच राहिला. उलट्या आट्यांच्या शॅकलच्या एका पायावर खालच्या बाजूला लहानसा उंचवटा घडवलेला असतो आणि त्याच्या बुशाच्या डोक्याभोवती खाच असते. गंज आणि ग्रीसचा थर तारेच्या ब्रशने खरवडला असता तर ती खूण दिसली असती.

चार दिवसांनी जीप उंच उभी राहिली, आणि खरं सांगतो, देखणी दिसत होती. भोरहून कापूरहोळच्या रस्त्याला काढली. ताशी पंचेचाळीसच्या आसपास एका खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. थरथर म्हणजे साधी नाही. पुढची दोन्ही चाकं डावीउजवीकडे इतकी झटके देत होती की मडगार्ड हलताना दिसत होतं. गॅरेजवाले याला वॉबलिंग म्हणतात. वेग पार उतरला तेव्हाच ते थांबलं.

याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. पुढच्या हाउसिंगला चाकं ज्या खुंटीवर वळतात ती खुंटी उभी सरळ नसते. तिचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, साधारण तसंच. या कलाला कॅस्टर म्हणतात आणि आमच्या जीपचा मूळ कॅस्टर 3 अंशांचा आहे. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं, गाडी रेषेत धावते, ते याच तीन अंशांच्या जिवावर. आता गंमत पाहा: या जीपचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. पाटा सुमारे 36 इंच लांब. पुढचं टोक दोन इंच खाली गेलं की पाट्याबरोबर हाउसिंगही नाक खाली करून फिरतं, तेही जवळजवळ तीन अंशांनी. म्हणजे कंपनीने दिलेला सगळा कल मी एका दुपारी काढून टाकला होता. आणि बदल्यात मिळालेली उंची किती? शॅकल दोन इंचांनी लांबला तर गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं.

ज्या गाड्यांचा पुढचा शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला आहे, त्यांच्यात हा हिशेब उलटा होतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीला जमलं म्हणजे आपल्या गाडीला जमेल, असं धरू नका. खाली वाकून आपल्या गाडीचा शॅकल कुठे आहे ते आधी पाहा. कॅस्टर परत आणायला हाउसिंग आणि पाटा यांच्यामध्ये पाचर घालतात. ती घालायचीच असेल तर पोलादी घाला. ॲल्युमिनियमची पाचर दाबाखाली तडकते आणि तडकली की यू-बोल्ट सैल होतात. मीही पाचर घातली. वॉबलिंग थांबलं आणि मला वाटलं, जीप झाली.

पुढच्या आठवड्यात पुतण्याला घेऊन रायरेश्वराच्या बाजूला गेलो. एका कच्च्या उतरणीवर, आप्पांनी लावलेल्या सवयीप्रमाणे, फोर बाय फोर टाकून लो मध्ये पहिला गिअर घातला. पाण्याने कापलेल्या एका चरात पुढचं डावं चाक उतरलं. ते जरा जास्तच खाली गेल्यासारखं वाटलं. चरातून वर आलो, वेग मोडायला ब्रेकवर पाय दिला, आणि पेडल सरळ तळाला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. या जीपच्या ब्रेकला एकच सर्किट असतं. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. उजवीकडे दरड, डावीकडे काही नाही. लो चा पहिला गिअर इंजिनाने गाडीला धरून होता म्हणून हँडब्रेक ओढायला वेळ मिळाला, आणि फोर बाय फोर लागलेला असल्याने शाफ्टवरचा तो ब्रेक चारही चाकांना पोचला. जीप थांबली. पुतण्या काही बोलला नाही. उतरून दगड आणून चाकांना लावत राहिला, चारही चाकांना.

खाली वाकून पाहिलं तर चेसिसकडून पुढच्या हाउसिंगकडे येणारा ब्रेकचा रबरी होज फिटिंगपाशी फाटला होता. दोष होजचा नव्हता. आधी चाक लोंबकळलं की जुना आखूड शॉकअप पूर्ण ताणला जायचा आणि हाउसिंगला तिथेच रोखायचा. मी लांब शॉकअप घातला आणि ती आडकाठी काढून टाकली. मग हाउसिंगला रोखायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे ब्रेकचा होज.

शॉकअप बदलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. शॉकअप दोन्ही टोकांना काम करतो. फार लांब घेतला तर एकतर असा अनर्थ होतो, किंवा गाडी आदळताना रबरी बंपस्टॉप टेकायच्या आधी शॉकअपच आतून टेकतो आणि त्याचा ब्रॅकेट उखडतो. फार आखूड घेतला तर प्रत्येक चरात तोच ताणून तुटतो.

दुसऱ्याच्या टेम्पोतून जीप घरी आणली. मग शिरवळच्या बाजूला ट्रकचे पाटे करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत पट्टी लावली, आकडे खडूने मडगार्डवर लिहिले आणि विचारलं, “मास्तर, गाडी उंच करायचीय का बसलीय ती उठवायचीय?”

हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. आमच्या जीपला उंचीची गरज नव्हतीच. पाट्यांची कमान गेली होती, पानांच्या मध्ये गंज धरल्यामुळे ती एकमेकांवर सरकत नव्हती, आणि शॅकल बुशात जाम झाले होते. धक्का पाट्याने घ्यायचा, तो चेसिस घेत होती. कमरेतल्या कळेचं मूळ ते होतं.

त्यांनी पाटे उतरवले. पाट्याचा सेंटर बोल्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना भक्कम सी-क्लॅम्प लावले आणि मग दोन्ही क्लॅम्प आळीपाळीने, थोडेथोडे सैल केले. दाबलेली पानं बोल्ट सुटताच उसळतात. तिथे तोंड आणि बोटं नकोत. गंजलेले यू-बोल्ट ग्राइंडरने कापले. गॅस कटर मागायला मी निघालो तर त्यांनी हाताने अडवलं. पाट्याला आच लागली की त्याचं पाणी उतरतं आणि पुढे तिथेच तो मोडतो. त्याच कारणाने पाट्यावर वेल्डिंग नको, भोक नको. कमान मारणं आणि पाणी देणं त्यांनी आपल्या भट्टीवर केलं. हे काम घरी करायचं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन चिरलेली पानं बदलली, बाकीची घासून, ग्रीस लावून पुन्हा बांधली.

घरी करण्यासारखं काम नंतरचं आहे आणि ते मनापासून करावं. यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. नट कर्णरेषेत, थोडेथोडे आवळा आणि शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. आट्यांच्या शॅकलमध्ये चेसिसकडच्या कंसातला बुश पूर्ण टेकवायचा, पण पाट्याच्या डोळ्यातल्या बुशाचं डोकं पाट्यापासून साधारण पाऊण मिलिमीटर दूर राहू द्यायचं. दोन्ही करकचून आवळले की शॅकल जाम होतो आणि त्याचा भार मुख्य पानावर येतो. ज्यांच्या गाडीला रबरी बुश आहेत त्यांनी शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. हवेत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

आणि रस्त्यावर काढण्याआधी एक परीक्षा. चेसिस स्टँडवर उचलून चारही चाकं लोंबकळू द्या. ब्रेकचे सगळे होज त्या अवस्थेत सैल हवेत, ताणलेले नव्हेत. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा पाहा. प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा, क्रॉस कुठे अडतो का बघा. सीजे-3बी चा व्हीलबेस जेमतेम 80 इंच, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड असतो आणि उंची थोडी वाढली तरी त्याचा तिरकसपणा बराच वाढतो. मग एका बाजूचं हाउसिंग जॅकने वर दाबून तीच तपासणी उलटी करा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी हा अर्धा तास दिला असता तर होज अंगणातच ताणलेला दिसला असता.

उंचीबद्दल आणखी थोडं. पाटे किंवा शॅकल बदलून चेसिस वर जाते, हाउसिंग जात नाही. खडकाला आधी लागतो तो डिफरन्शिअलचा गोळा, आणि तो जमिनीपासून सुमारे 8 इंचांवरच राहतो. त्याला वर नेतात फक्त मोठे टायर. उलट दोन चाकांमधलं अंतर जेमतेम 48 इंच असलेली ही जीप जितकी उंच कराल तितकी आडव्या उतारावर लवकर कलंडेल. पाट्यांच्या खाली हाउसिंग घेऊन एकदम चारपाच इंच उंची मिळवायचा प्रकारही हल्ली सर्रास करतात. त्यासाठी हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. जुन्या जीपवर तो करू नये.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 खाली गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नको. अशी गाडी रोजच्या वापराला मात्र चालत नाही. आमच्या जीपसारख्या गाडीची चेसिस कापली की तो दरवाजा कायमचा बंद.

जुने शॅकल मिळवून बसवले, मूळ लांबीचे शॉकअप घातले, ब्रेकचे सगळे होज नवे केले, पाचर काढून टाकली. आज जीप डावीउजवीकडे सारखी उभी आहे आणि माझ्या लांब शॅकलने दिली होती त्यापेक्षा पाव इंचच खाली आहे. ते शॅकल विकत घ्यायला दोघेजण येऊन गेले. मी ते ग्राइंडरने मधोमध कापले आणि भंगारात दिले.