हेडलाईट बदलले, मग उजेड कुठे गेला?

कापडाच्या व्यापाऱ्याने गाडीच्या दिव्यांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी जण इचलकरंजी, सोलापूर, मालेगावहून माल भरून रात्रीच परततात, आणि मोटार इलेक्ट्रिशियनच्या कामातही आपले पुष्कळ तरुण आहेत. ही हकीकत दोघांच्याही उपयोगाची आहे.

माझी जुनी जीप पद्धतीची पिकअप गाडी आहे, गोल दिव्यांची. शारजाला नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने सुट्टीवर येताना तेथील जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून हेडलाईटची एक जोडी आणि 100/90 वॅटचे दोन बल्ब आणले. "मामू, आता घाटात दिवस उजाडेल," असे तो म्हणाला. सात इंची गोल दिवा जगभर एकाच मापाचा असल्याने तो जीपमध्ये, ऍम्बेसिडरमध्ये, कोठेही बसतो. रस्त्यावरच्या एका दुकानात अर्ध्या तासात जोडी बसली.

त्याच आठवड्यात लुंग्या आणि चादरींचे गठ्ठे भरून इचलकरंजीहून निघालो. मलकापूर सोडून आंबा घाटाला लागलो तेव्हा ध्यानात आले की, उजेड वाढण्याऐवजी कमी झाला आहे. डावा दिवा तर मेणबत्तीसारखा. डिपरवर असतानाही मीटरमधील निळा दिवा मंद पेटलेला. समोरचा प्रत्येक ट्रकवाला मला अप्पर-डिपर मारून शिव्या देत होता, आणि मला मात्र रस्त्याची कड दिसत नव्हती. एका वळणावर दरीच्या बाजूचे चाक खडीवर गेले. साखरप्याला पोचलो तेव्हा लाईटच्या स्विचमधून जळका वास येत होता. अल्लाहचा फजल म्हणून माल आणि माणसे सुखरूप उतरली.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीतील एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी विचारले, "शेठ, बल्ब किती वॅटचा टाकलाय?" वॅट ऐकून ते हसले व म्हणाले, "गाडीला एक नाही, चार दुखणी आहेत. एकेक काढू." ती चारही दुखणी त्यांनी ज्या क्रमाने काढली, त्याच क्रमाने येथे देतो.

पहिले बल्बचे. अशा दिव्यात एच-4 बल्ब लागतो, त्याचे माप 60/55 वॅट, म्हणजे अप्परला 60 व डिपरला 55. वॅटला 12 व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. 60 वॅटला 5 अँपिअर, तर 100 वॅटला 8 हून थोडे अधिक. दोन दिव्यांचे झाले जवळजवळ 17. हा सगळा करंट जुन्या बारीक वायरीतून आणि स्विचच्या छोट्या पॉइंटमधून जात होता. वास त्याचाच. मिस्त्रींनी ते बल्ब काढले आणि 60/55 चे बसवले. बसवताना काचेला बोट लावले नाही. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला तर तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागला तर स्पिरिटने पुसून घ्यावा.

दुसरे दुखणे डाव्या दिव्याचे. एक मंद व एक ठीक, आणि निळा दिवा नको तेव्हा पेटतो, ही जवळजवळ नेहमी अर्थिंगची खूण असते. बल्बला तीन पिना असतात. एक अप्परची, एक डिपरची आणि एक दोघांना सामाईक. सामाईक पिनेची अर्थिंग तुटली की डिपरचा करंट परत जाण्यासाठी वाट शोधतो, बल्बमधल्या अप्परच्या तारेतून उलटा शिरतो आणि अप्परच्या वायरीने निळ्या दिव्यापर्यंत व दुसऱ्या बल्बापर्यंत पोचतो. म्हणून सगळेच अर्धवट पेटते. तपासणी अगदी सोपी आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक सुटी वायर त्या अर्थ पिनेला लावायची. दिवा लख्ख झाला तर बल्ब, स्विच काही बदलू नये. आमच्या गाडीत दिवा लख्ख झाला. नवी जोडी बसवताना अर्थिंगचा लग रंगवलेल्या पत्र्यावर आवळला होता, आणि रंगातून करंट जात नाही. पत्रा घासून पांढरा केला, लग आवळला, वरून व्हॅसलिन लावले.

तरीही उजेड मनासारखा नव्हता. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, आणि बल्बच्या होल्डरवर, दिवा पेटलेला असताना, 12.4. बाकीचा दाब वायरीत आणि स्विचमध्ये खर्च होत होता. दिवा बंद ठेवून किंवा होल्डर काढून मोजले तर हा दोष दिसतच नाही, हे शागीर्दांनी विशेष ध्यानात ठेवावे. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की, व्होल्टेज 10 टक्के घटले तर उजेड सुमारे 30 टक्के घटतो. माणसाला वाटते बल्ब कमजोर आहे, तो मोठा बल्ब घालतो, त्यामुळे करंट वाढतो व दाब आणखी पडतो. माझ्या भाच्याच्या बल्बांनी हेच केले होते.

इलाज रिलेचा. एक अप्परला आणि एक डिपरला, असे दोन रिले घेतले. रिलेच्या 30 नंबरला बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर, बॅटरीजवळच फ्यूज घालून. 87 नंबरवरून वायर बल्बाला. स्विचकडून येणारी जुनी वायर फक्त 86 ला आणि 85 अर्थला. आता स्विचला केवळ रिलेचे कॉइल ओढायचे असते, त्याला पाव अँपिअरदेखील लागत नाही. फ्यूज 15 अँपिअरचा पुरतो. फ्यूज बॅटरीपासून लांब घातला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यास तिला राखण करणारे कोणी नसते, आणि कापडाने भरलेल्या गाडीत आग म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको.

येथे एक सावधगिरी. काही जपानी पद्धतीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, सामाईक पिनेवर कायम पॉझिटिव्ह येतो. होल्डर काढून टेस्ट लॅम्पने पाहावे. अप्पर व डिपर दोन्ही वेळी तीच एक पिन जिवंत असेल तर जोडणी उलटी समजावी आणि रिलेही तसाच जोडावा. एलईडी बल्बला पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा भेद असतो, त्यामुळे अशा गाडीत तो कधी पेटतच नाही, कधी अप्पर-डिपर उलटसुलट होतात. पुष्कळ दुकानदार मग बल्ब खराब म्हणून परत करतात.

चौथे दुखणे मला सर्वांत अधिक लागले. गाडी सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर उभी केली. बल्बाच्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली. डिपरची वरची कड त्या रेघेच्या सुमारे 10 सेंटिमीटर खाली हवी. स्क्रू फिरवून कड खाली आणली, पण उजेडाचा एक कोपरा वर चढतच होता, आणि तो उजवीकडे. मिस्त्री म्हणाले, "ही काच दुबईकडची ना?" तेथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून दिव्याचा उजेड उजवी कड दाखवण्यासाठी उजवीकडे वर उचललेला असतो. आपल्याकडे त्याच जागी समोरून येणाऱ्याचे डोळे असतात. हा ऐब कोणत्याही स्क्रूने जात नाही, कारण तो काचेच्या घडणीतच असतो. युरोपच्या मानकाच्या काचेवर ओळखण्याची खूण असते. दिव्यासमोर उभे राहून पाहिले असता आपल्या उजव्या हाताकडे टोक असलेला बाण असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या देशांचा, दोन्हीकडे टोके असतील तर दोन्हींचा, बाण मुळीच नसेल तर उजवीकडून चालणाऱ्यांचा. मुंबईत कुर्ल्याला किंवा आखातातून जोडी घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी हे पाहावे.

त्या रात्री किती ड्रायव्हरांचे डोळे मी दिपवले असतील! रस्त्यातील त्रासाची वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे हे लहानपणी मकतबमध्ये शिकलो, आणि मी ती वस्तू गाडीला बांधून घाटभर फिरवली. जुन्या काचा घरी पडल्या होत्या, त्याच पुसून बसवल्या. भाच्याला फोनवर सांगितले तेव्हा तो थोडा नाराज झाला, पण बाणाची गोष्ट त्यालाही नवी होती.

दिवे लावताना गाडीत नेहमीचा माल असावा. मागे गठ्ठे पडले की गाडीचे नाक वर होते आणि रिकाम्या गाडीत बरोबर केलेला डिपर भरल्यावर अप्पर होतो. हे मिस्त्रीही विसरले होते. आम्ही दोन गठ्ठे ठेवून पुन्हा लावले.

हल्ली तरुणांची मागणी एलईडीची असते. करंट कमी लागतो हे खरे. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडीचे चिप्स मूळ तारेच्या नेमक्या जागी आले नाहीत तर उजेड फाकतो. कॉलर फिरवता येत असेल तर चिप्स डाव्या-उजव्या बाजूला, डिपरची वाटी खाली, असे बसवून भिंतीवर पाहावे. कड स्पष्ट येत नसेल तर गिऱ्हाईकाला तसे सांगून बल्ब काढावा. कायद्याचीही बाब आहे. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 गाडीतील फेरबदलावर बंधन घालते, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्पादकाच्या मूळ नमुन्याविरुद्ध फेरबदल करता येत नाही असा निर्णय दिला आहे.

कारागीर बंधूंना एक विनंती. मिस्त्रींनी दोन तास तपासले आणि सामान लागले दोन रिले, बल्बांची जोडी, थोडी वायर व फ्यूज. बिल मागताना ते संकोचत होते. तपासणीची मजुरी वेगळी सांगून घेत जा, गिऱ्हाईक देतो. ती मागायची लाज वाटते म्हणूनच पुष्कळ दुकानांत धडधाकट सामान बदलून त्यात मेहनत वसूल केली जाते. मी कापड विकताना ठाणातील डाग गिऱ्हाईकाला दाखवतो आणि भाव कमी घेतो, तसे दिव्याच्या धंद्यातही करता येते.

गेल्या जुम्मेरातीला पुन्हा आंबा घाट उतरलो, धुके होते. डिपरवरच चालवली, कारण धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. कड दिसत होती, आणि साखरप्यापर्यंत एकाही ट्रकवाल्याने मला डिपर मारला नाही.